दोघांनी उघडायचा सोफा

ती गेल्याचं कळलं त्या सकाळी मी बंद होतो. म्हणजे सोफा होतो. माझ्यावर चष्मेवाला एकटाच बसला होता. एक मोजा पायात होता, दुसरा हातात. फोन तिच्या बस डेपोतून आला होता, कारण तिच्या मोबाइलवर शेवटचा नंबर याचाच होता.

"हो, ओळखतो," तो म्हणाला. "मित्र आहे मी तिचा." मग स्वतःहून म्हणाला, "फक्त मित्र."

पलीकडच्या माणसाने तसं काही विचारलेलं मला तरी ऐकू आलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना सोफा-कम-बेड आहे. 'मित्रांनो' म्हणायची आमच्यासारख्यांची रीत आहे, म्हणून म्हणतो. खरं सांगायचं तर त्या शब्दाची मला शिसारी आली आहे. का आली, तेच सांगायला बसलो आहे.

माझा सांगाडा एका सुताराने केला. बिजागऱ्या त्याच्या शेजारच्या वेल्डरने जोडल्या आणि अंगावर हे मातकट कापड सुताराच्या बायकोने शिवून चढवलं. मला दुकानात ठेवलं तेव्हा सुतार गिऱ्हाइकाला सांगायचा, "दिवसा बसा, रात्री झोपा, भांडण झालं तर एकाने इथे या." लोक हसायचे आणि पुढे जायचे. चष्मेवाला हसला नाही. त्याने मला दोनदा उघडून बंद करून पाहिलं आणि घेतलं. तेव्हा मला उघडायला एकच माणूस पुरत होता.

लिफ्टमध्ये मी मावलो नाही. मग चष्मेवाल्याने मैत्रिणीला बोलावलं. ही बस चालवायची. शाळेपासूनची ओळख. ती त्याला ढापण्या म्हणायची आणि तो तिला ड्रायव्हरबाई. पुढच्या बाजूने तो, मागून ती, असे ते मला जिन्याने घेऊन निघाले.

"तू उचलतोयस का नुसता हात लावतोयस?" ती खालून म्हणाली.

"वळणावर सांभाळ."

"मी बारा मीटरची गाडी वळवते रोज. तू तुझं बघ."

वळणावरच आपटलो. माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक खिटी आहे. ती वाकली. तेव्हापासून मला उघडायचं तर एकाने मागे जाऊन ती खिटी दाबून धरावी लागते आणि त्याच वेळी दुसऱ्याने पुढून उजवीकडचा पट्टा ओढावा लागतो. एका माणसाचे हात पुरत नाहीत. बंद करायला मात्र कोणीही चालतं. ढकललं की झालं.

चष्मेवाल्याचं घर डेपोच्या मागे होतं. पहाटेची पाळी असली की ड्रायव्हरबाई आदल्या संध्याकाळी इथेच येऊन राहायची. तिने खिटी दाबायची, त्याने पट्टा ओढायचा, मग तो आपल्या खोलीत जायचा. अशी किती तरी वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. ते माझ्यावर बसून चहा प्यायचे, एकमेकांच्या पूर्वीच्या प्रेमप्रकरणांची टर उडवायचे. तिचं एक लग्न मोडलं होतं, तेव्हा ती माझ्या उजव्या हातावर डोकं ठेवून रडली होती. तो डाग मी कधी मनावर घेतला नाही.

मग एकदा तो पट्टा ओढून आपल्या खोलीत गेला नाही.

पुढचं मी सांगणार नाही. लाकडालाही लाज असते. पण सकाळी उठून ते जे बोलले ते सांगतो, कारण सगळी घाण तिथून सुरू झाली.

"हे बघ," ती म्हणाली, "आपली चांगली मैत्री आहे. तिची वाट लावायची नाही."

"अजिबात नाही. हे असंच. अधूनमधून."

"असंच म्हणजे?"

"म्हणजे... हा सोफा बंद असला की आपण मित्र."

"आणि उघडा असला की?"

"तेव्हाचं तेव्हा."

तिला हे फार आवडलं. पोटभर हसली. मग उठून मला ढकलत म्हणाली, "चल ढापण्या, बंद कर दुकान." तेव्हापासून दर वेळी तेच. चादर, उशी, पांघरूण, सगळं तसंच आत आणि वरून मी बंद. दोन घोड्याएवढी वाढलेली माणसं, एक लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा, दुसरी शंभर माणसं सुखरूप पोहोचवणारी, आणि लाज झाकायला यांना मी लागायचो.

एका रविवारी ते माझ्यावर बसून नाश्ता करत होते, तोच खालून हाक आली. चष्मेवाल्याची मोठी बहीण. ती कधी कळवून येत नाही. दोघांची जी धांदल उडाली म्हणता! टोस्टचा चुरा, ओला टॉवेल आणि बशीतलं अर्धं उकडलेलं अंडं, सगळ्यासकट त्यांनी मला मिटलं. ताई आली तेव्हा दोघं माझ्यावर दोन टोकांना बसून हवेबद्दल बोलत होते.

ताई हलायच्या आधीच ड्रायव्हरबाईला पाळीला निघावं लागलं, आणि नेमकं त्या आठवड्यात तिला लांबच्या मार्गावर टाकलं. आता मला उघडणार कोण? चष्मेवाल्याने एकट्याने खटपट केली. खिटीत पेचकस अडकवला आणि धावत पुढे येऊन पट्टा ओढला. पेचकस उडून कपाटावर आपटला. अंडं आतच राहिलं. मित्रांनो, आपल्या पोटात दुसऱ्याचं अंडं कुजणं काय असतं ते तुम्हाला कळू नये.

पुढच्या रविवारी ड्रायव्हरबाई अंडं काढायला म्हणून आली, तर घरात ताई आणि ताईच्या ओळखीच्या एक ग्रंथपालबाई. भावाचं कुठे जमतंय का पाहायला ताईने त्यांना आणलं होतं. ग्रंथपालबाई बरोबर अंड्यावर बसल्या होत्या.

"काही मेलंय का रे इथे?" ताईने विचारलं.

"ड्रेनेजचा वास आहे."

"सोफ्यातून?"

तेवढ्यात ड्रायव्हरबाई पुढे झाली आणि त्याची तारीफ करायला लागली. जुनी गाडी विकायला काढल्यासारखी. "आमचा ढापण्या फार स्वच्छ माणूस आहे हं. कमी बोलतो. जेवणाची कटकट नाही. फक्त चढाला थोडा दम लागतो." चष्मेवाला मान खाली घालून ऐकत होता. तिने मग सगळ्यांना चहा करून आणला.

"आणि तुम्ही?" ग्रंथपालबाईंनी तिला विचारलं.

"मी काय, फक्त मैत्रीण."

"बरं." बाईंनी कप खाली ठेवला. "साखर कुठे आहे ते मैत्रिणीला माहीत असतं. पण तुम्ही चहा करताना स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाहीत."

त्या लवकरच गेल्या. ताई त्यांना सोडायला गेली आणि या दोघांनी मला उघडलं. तो आत डोकावला आणि तोंड दाबून मोरीकडे पळाला. ती हसून हसून जमिनीवर बसली. मग तिनेच साबणाच्या पाण्याने मला घासलं. आणि ताई परत येईल म्हणून मला ओलंच मिटलं.

तेव्हापासून मला बुरशी लागली. आधी शिवणींत काळे ठिपके आले, मग पांढरी लव. घासणारे हात प्रेमाचे होते, हे मला कळत होतं. पण ओलं मिटून ठेवलं की कुजतं. हात कोणाचे होते, याला काही अर्थ राहत नाही.

नंतर थंडीच्या एका सकाळी ती आवरून झाली तरी निघेना. आईने विणलेला निळा स्वेटर तिच्या अंगात होता. एक बाही दुसरीपेक्षा लांब, म्हणून ती नेहमी दुमडायची. माझ्या कडेवर बसून ती बाही दुमडत होती.

"आज राहू दे ना उघडा," ती म्हणाली.

"कशाला?"

"असंच. संध्याकाळी आल्यावर उघडाच दिसेल."

"आणि मध्ये कोणी आलं तर?"

"येऊ दे की."

तो चष्मा पुसायला लागला. लोकांचे चष्मे पुसायची त्याला सवय आहे, पण उत्तर नसलं की तो स्वतःचा पुसतो. तिने पुन्हा विचारलं असतं, तर कदाचित तो काही बोलला असता. ती उठली. "बरं. बंद कर दुकान," म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं आणि मला त्याची किळस आली. इतरांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासणारा हा माणूस!

त्यानंतरही ती येत राहिली. हेही मला सहन झालं नाही. शेवटच्या सकाळी तिला उशीर झाला होता. तिने केस धुतले होते आणि केसांच्या पाण्याने ओली झालेली चादर गोळा करून आत टाकली. ऊन चढलं होतं म्हणून स्वेटरही काढून उशीजवळ फेकला. दोघांनी मिळून मला ढकललं. "संध्याकाळी वांगी आणते, भरून करू," ती जिन्यातून म्हणाली. "मसाला तू वाट," तो म्हणाला. एवढंच.

गाडी चालवताना तिच्या छातीत कळ आली. तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, प्रवाशांना उतरता यावं म्हणून दारं उघडली आणि मग डोकं टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. तिचे डेपोतले लोक येऊन हे सांगत होते, माझ्यावर बसून, चहाचे कप माझ्या हातांवर ठेवत. ओल्या कपांची वर्तुळं अजून आहेत. "चांगली मैत्रीण गेली तुमची," जो तो म्हणायचा. तो मान हलवायचा. दर वेळी माझ्या आतली ओली चादर मला टोचायची.

मग एका संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ आला. जरा बसला, पाणी प्यायला.

"दादा, तिचं काही सामान आहे का इथे?"

"सामान? नाही. कसलं?"

"आईला तो निळा स्वेटर हवाय. तिनेच विणला होता. सगळं घर पालथं घातलं, सापडत नाही. आई रोज कपाट काढून बसते. मला वाटलं, पाळीच्या वेळी इथे राहायची, तर राहिला असेल."

स्वेटर त्याच्या बुडाखाली होता. चष्मेवाल्याने एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलला की मला उघडावं लागलं असतं. भावाने खिटी दाबली असती, याने पट्टा ओढला असता, आणि आतली दोन उशांची झोप भावाला दिसली असती.

"नाही रे," तो म्हणाला. "बघतो. मिळाला तर सांगतो."

"तुम्ही तिचे फार चांगले मित्र होतात," भाऊ म्हणाला आणि गेला.

दार लागल्यावर तो माझ्या मागे गेला. खिटी दाबली आणि दुसरा हात पट्ट्याकडे लांबवला. पोहोचला नाही. खिटीला दोरी बांधून पाहिली, दांडा लावून पाहिला. शेवटी माझ्या पाठीवर डोकं घासत तिथेच जमिनीवर बसला. कीव यावी असंच होतं ते. मला आली नाही. माझ्या आत एका म्हातारीचं विणकाम कुजत होतं.

काही दिवसांनी त्याने ताईला बोलावलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"सोफा उघडायचाय," तो म्हणाला. "दोन माणसं लागतात."

"आत काय आहे?"

"तिचं सामान."

ताईने पर्स खाली ठेवली. "अंडं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच सांगितलं होतं.

"मला काय वेडी समजतोस? दोन टोकांना बसून हवेबद्दल बोलत होतात. हवेबद्दल कोण बोलतं रे? वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. त्या ग्रंथपालबाईंना घेऊन आले ते तू तोंड उघडावंस म्हणून. तू तिलाच माझ्यासमोर तुझी तारीफ करायला लावलीस." ताईने माझ्या पाठीवर हात टेकला. "तिला तरी कधी सांगितलंस?"

"नाही."

"काय होती ती तुझी?"

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "बायको," तो म्हणाला. "बायकोच होती, ताई."

मी इतकी वर्षं त्या शब्दाची वाट पाहिली आणि तो आला तेव्हा माझ्या आत त्याला ऐकायला एक ओला स्वेटर तेवढा होता.

ताई मागे गेली आणि खिटीवर हात ठेवला. "मी दाबते. ओढ."

त्याने पट्टा धरला. मुठीत घट्ट धरला. मी वाट पाहत राहिलो. ताईचा अंगठा पांढरा पडला.

"आज नको," तो म्हणाला.

"मग कधी? बुरशी वाट बघते का?"

"तिच्या भावाला बोलावतो. त्याच्यासमोर उघडतो."

"लाव मग फोन."

"लावतो."

ताईने खिटी सोडली. जाताना दारातून म्हणाली, "म्हातारी रोज कपाट काढते आहे, लक्षात ठेव."

मित्रांनो, आमच्या जातीने शेवटी चार शब्द शिकवणुकीचे सांगायचे असतात. माझ्याकडे एवढेच आहेत. ओलं मिटून ठेवू नका. चादर असो की माणूस, उघड्यावर वाळू द्या, कोणी पाहिलं तर पाहू दे. लोकांनी नाक मुरडलेलं परवडतं. आतून कुजलेलं मीसुद्धा कोणाला दाखवू शकत नाही.

आता मी वास मारतो. चष्मेवाला खिडकी उघडी ठेवतो आणि माझ्यावर न बसता खुर्चीवर बसतो. फोन त्याच्यासमोर टेबलावर असतो.

भावाला फोन अजून झालेला नाही. स्वेटर आत आहे.