जानेवारीतलं लॅकर

"बू, बंदूक तुम्हालाच हवी की कुणी पाठवलंय?" रंगाच्या दुकानातल्या गियांतोने विचारलं. आईच्या वयाच्या बायकांना तो बू म्हणायचा.

"मलाच. पाठवणारं घरात आहे कोण?" वारसिनी म्हणाली.

त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. जावातल्या जेपारात लाकूड घासायचं काम बायकांचं आणि त्यावर फवारायचं पुरुषांचं. वारसिनीने उभं आयुष्य एका कारखान्यात पॉलिश पेपर चालवला होता, पण फवाऱ्याची बंदूक कधी हातात धरली नव्हती. घासलेली खुर्ची फवारणीच्या खोलीत जायची आणि तिचा हात तिथेच संपायचा.

"काय रंगवायचंय? पलंग?"

"दाकोन."

"हात्तिच्या." गियांतोने मोठी बंदूक परत खुंटीला लावली. दाकोनच्या पाटीला दोन्ही बाजूंनी सात-सात खळगे असतात, समोरासमोर बसून चिकूच्या बियांनी खेळायचं. "खळग्यांत जोराची हवा गेली की फवारा तळाला आपटून तुमच्याच तोंडावर येईल. दाबून फवारायच्या डब्यानेही नको, तळाला थेंब साचतात. ही छोटी घ्या, वरती वाटी असलेली. हवा कमी ठेवायची, वीतभर लांब धरायची, आणि एका जागी रेंगाळायचं नाही."

"आणि आत काय घालू?"

"पाण्यातलं लॅकर घ्या. वास नाही, पण ह्या पावसाच्या दिवसांत एक हात सुकायला दिवस घेईल. मेलामाइन कडक होतं, बियांनी ओरखडणार नाही, पण त्यात औषध मिसळावं लागतं आणि प्रमाण चुकलं की सगळंच फुकट. एनसी लॅकर पटकन सुकतं."

"शुक्रवारच्या आत द्यायचंय. पटकनवालं दे."

"मग थिनर तरी उशिरा उडणारं घ्या, बू. जरा वेळ लागेल, पण..."

"वेळच नाहीये. साधं दे."

"ऐकायचं नव्हतं तर मला बोलायला कशाला लावलंत?" असं म्हणत त्याने साध्या थिनरची बाटली पुढे सरकवली.

शुक्रवारी रुकाना जाणार होती. कारखान्यात दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. मालकाने घासायची यंत्रं आणली, बायकांना घरी पाठवलं, तरी रुकाना रोज दुपारी वारसिनीच्या ओट्यावर यायची. आता मुलाने तिला समुद्रापलीकडे कालिमंतानला बोलावलं होतं, पामच्या मळ्यावर, नातवंडं सांभाळायला. परत कधी येणार हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नव्हतं. वारसिनीला एवढंच हवं होतं की तिच्या सामानात आपल्या हातचं काहीतरी जावं, आणि तेही अर्धवट नाही, लॅकरसकट पुरं झालेलं.

खळगे कोरलेली महोगनीची कोरी पाटी तिने आणून ठेवलीच होती. घासणं तर तिचंच काम. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला, त्याच्या टाकीतलं साचलेलं पाणी काढलं आणि परसात छपराखाली पहिला हात मारला. फवारा अगदी धुक्यासारखा बसला. खळग्यांच्या कडा ओल्या चमकल्या. वारसिनी मागे सरून बघत राहिली. आपण हे आधी का केलं नाही, असं तिला वाटलं.

मग चमकेवर पांढुरकी झाक आली. पाटीवर कुणीतरी दूध सांडून पुसावं तशी.

ती समजली, घासणं वाईट झालं. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही. कारखान्यात काहीही बिघडलं की फवारणीच्या खोलीतून दार्मोचा एकच आरडाओरडा यायचा, "कुणी घासलंय हे?" आणि बायका खाली मान घालून पुन्हा घासायला घ्यायच्या. तिनेही पाटी पुन्हा घासली, आणखी बारीक पेपरने, आणि पुन्हा फवारली. पुन्हा पांढरं.

गुरुवारी दुपारी रुकाना आली तेव्हा वारसिनी मांडीवर पाटी घेऊन नुसती बसली होती.

"हे काय गं?"

"तुझ्यासाठी होतं. घासणं जमलं नाही, यू." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं वारसिनी तिला यू म्हणायची. "हात गेला माझा."

रुकानाने पाटी उजेडात तिरकी धरली, बोट फिरवलं. "हात कसला गेलाय. मला सांग, दार्मो आपल्यावर कधी ओरडायचा?"

"रोज."

"रोज नाही. भर पावसात. जानेवारीत, फेब्रुवारीत. उन्हाळ्यात कधी ओरडल्याचं आठवतंय तुला?"

वारसिनीने आठवून पाहिलं. उन्हाळ्यात दार्मो गाणी म्हणायचा.

"थिनर भराभर उडतं, लाकूड गार पडतं आणि हवेतली ओल लॅकरखाली अडकते," रुकाना म्हणाली. "पुतण्याच्या मोटारसायकलची टाकी रंगवली तेव्हा त्या रंगाऱ्याने सांगितलं मला. परवाच."

"म्हणजे आपण उगाचच..."

"उगाचच. तू तर एकदा रडली होतीस."

"तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस."

"मी कांदा कापून आले होते."

दोघी हसल्या. बाहेर सगळं भिजून जड झालं होतं. लॅकर आज सुकणार नव्हतं, नीट बसणारही नव्हतं. रुकानाने न विचारता पेपरचा तुकडा फाडून घेतला आणि आपल्या बाजूच्या खळग्यापासून सुरुवात केली. वारसिनीने तिच्या बाजूने. पांढरी भुकटी पडत गेली, खालून तांबूस लाकूड येत गेलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण पेपरच्या आवाजात दोघींनाही कधी बोलायची सवय नव्हती. अंधार पडायच्या आत पाटी कोरी झाली.

"अशीच नेते," रुकाना म्हणाली.

"कोरी? लाकूड फाटेल, डाग पडतील."

"पडू देत."

"थांब ना, दुसरं थिनर आणते, आत्ता जाऊन आणते."

"वारसिनी, बस झालं," रुकाना म्हणाली आणि पाटी ओढणीत गुंडाळून गेली.

पाऊस सरला, हवा कोरडी झाली. वारसिनीने उरलेलं लॅकर एका फळकुटावर मारून पाहिलं. काचेसारखं बसलं. ते दाखवायला ती ओट्यावर घेऊन आली, आणि मग आत नेऊन ठेवलं.

मे महिन्यात फोनवर फोटो आला. पाटी चटईवर होती. खळग्यांच्या कडा हातांनी काळपट झाल्या होत्या, एका टोकाला चहाच्या कपाचा गोल उमटला होता. रुकानाच्या बाजूला तिचा हात दिसत होता, बिया वाटताना. समोरच्या बाजूला कुणा बाईचा गुडघा होता, फुलाफुलांच्या सारोंगमधला, खेळायला अगदी जवळ सरकलेला.

वारसिनीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चेहरा त्यात नव्हताच.

बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, "लाकूड फाटलं नाही ना?"