मधलं नाव नसलेला चेक

मी एक चेक आहे, आणि न वटलेला. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायला नको. माझ्या मालकिणीच्या खात्यात पैसे होते. तारीख बरोबर होती, कुठे खाडाखोड नव्हती. तरी मी परत आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशातली गत.

माझा जन्म कुठल्याशा छापखान्यात झाला असेल. पण मला शुद्ध आली ती बोदवडच्या बँकेत, माझ्यासारख्याच भावंडांच्या पुस्तकात. ते पुस्तक लताबाईंना मिळालं. जवळच्याच खेड्यात त्यांचं घर, थोडी कपाशी आणि दोन म्हशी. म्हशी लताबाईंच्या, त्यांच्या शेणाचा वाससुद्धा लताबाईंचा. यापुढे दुधाचे पैसे बँकेतच जमा होतील असं डेअरीने ठरवलं, म्हणून त्यांना खातं काढावं लागलं. एरवी त्या बँकेची पायरी चढल्या नसत्या.

त्यांचे यजमान पितांबर भारंबे. मी त्यांचं नाव खुशाल घेतो, मला कोण अडवणार? लताबाईंनी मात्र उखाण्याबाहेर ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि आईच्या आईनेही.

खातं काढल्यावर थोड्याच दिवसांत पितांबरभाऊंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. माणूस स्वभावाने हसरा, त्यामुळे ऐकू येईना तेव्हाही हसतच राहिला. कुणी काही विचारलं की मान डोलवायची, झालं.

शेताची वाट रेल्वेच्या रुळांवरून जाते. एक दिवस भुसावळकडून गाडी शिट्टी मारत आली आणि हे आपले कुदळ खांद्यावर टाकून निवांत रूळ ओलांडू लागले. लताबाई मागून जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अहो! अहो!" रुळावर काम करणाऱ्या एका गँगमनने सदरा धरून त्यांना मागे ओढलं, म्हणून वाचले. त्या दिवसापासून लताबाईंच्या जिवाला स्वस्थता नाही. घास तोंडात घेतला की त्या आधी विचारत, हे कुठे आहेत?

मग त्या यजमानांना जळगावला घेऊन गेल्या, कानाच्या मशीनच्या दुकानात. पर्समध्ये घडी घालून मी, माझं सगळं पुस्तक. दुकानदाराने पितांबरभाऊंच्या खिशात एक डबी ठेवली, तिची वायर कानात बसवली. भाऊ दचकले, वर बघून म्हणाले, "हा पंखा एवढा कुरकुर करते?" लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, चेक वटला की मशीन घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "पण हे एकच आहे. भुसावळचे एक रेल्वेतले काका रोज विचारताहेत. पुढचा माल दिवाळीनंतर येईल."

लताबाईंनी तिथेच माझ्यावर सही केली. 'लताबाई' लिहिलं. मग पेन थांबलं. शाईचा ठिपका जाड होत गेला. मी वाट बघत होतो. शेवटी त्यांनी एक जागा सोडून 'भारंबे' लिहिलं आणि मला फाडून दिलं.

पुढे माझ्या पायाला भिंगरी लागली. दुकानातून जळगावच्या बँकेत, तिथून टपालाच्या थैलीतून बोदवडला. तिथल्या कारकुनाने, गिरधरभाऊंनी, एकदा लताबाईंच्या नमुन्याच्या सहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एक चिठ्ठी टाचणीने माझ्या पोटात खुपसली. 'सही जुळत नाही.' पुन्हा जळगाव, पुन्हा दुकान, आणि दुकानदाराने पाकिटात घालून मला लताबाईंच्या दारात पाठवलं. सोबत निरोप होता: शनिवारपर्यंत मशीन ठेवतो, त्यानंतर नाही.

शुक्रवारी सकाळी मला मुठीत धरून लताबाई बँकेत आल्या. मागोमाग पितांबरभाऊ. त्यांना घरी एकटं ठेवायची आता सोय नव्हती.

"अक्का, पैसे आहेत तुमचे," गिरधरभाऊ म्हणाले. "पण खातं काढताना तुम्ही पूर्ण नाव लिहिलं होतं. इथे मधलं नाव कुठे आहे?"

"त्यानंच त घात केला, भाऊ," लताबाई म्हणाल्या. "तवा तुमी म्हने, मधलं नाव लिव्हा. म्या लिव्हलं. तिकडं त्यायले ताप आला, कान गेले. बोलल्यानं आयुष्य कमी होते, मंग लिव्हल्यानं नाई होनार? आता पुन्हा म्या लिवनार नाई."

गिरधरभाऊ हसले नाहीत. त्यांच्या घरातही बायको त्यांना 'अहो'च म्हणत असणार. "नमुना बदलता येतो," ते म्हणाले. "अर्ज द्या, नवी सही द्या. पण मंजुरी साहेबांची लागते, आणि साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात मशीन भुसावळला गेलेलं असणार. लताबाई बाकड्यावर बसल्या. मी त्यांच्या मुठीत चुरगळलो, घामाने ओला झालो. एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळेना.

तेवढ्यात स्टेशनावर गाडीने लांब शिट्टी दिली. बँकेतल्या सगळ्यांनी मान वळवली. पितांबरभाऊ तेवढे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत हसत बसले होते.

लताबाई उठल्या. पुस्तकातून माझ्या पाठचा भाऊ काढला आणि ओठ घट्ट मिटून त्यावर पूर्ण सही केली. मधल्या नावाची अक्षरं अशी वाकडीतिकडी आली की मला वाटलं, हीसुद्धा सही जुळायची नाही. गिरधरभाऊंनी बराच वेळ पाहिलं. मग शिक्का मारला आणि नोटा पुढे सरकवल्या. त्याच दुपारच्या गाडीने दोघं जळगावला गेली.

मशीनच्या खोक्यात जादा सेलांखाली लताबाईंनी मला ठेवलं. का ठेवलं, त्यांनाच ठाऊक. आजही मी तिथेच आहे, टाचणीला गंज चढलाय. मला फाडायचं असेल तर फाडा, माझी तक्रार नाही. पण त्या संध्याकाळचं तेवढं सांगू द्या.

गोठ्यापाशी दोघंच होती. पितांबरभाऊ म्हशींचं रवंथ ऐकत होते, जणू कीर्तन चाललंय. अचानक म्हणाले, "म्या पाह्यलं बँकेत. माह्यं नाव लिव्हलं तू."

"लिव्हलं," लताबाई म्हणाल्या. "तुमाले काई होत त नाई ना?"

"काई नाई होत. आता एकदा म्हन बी."

लताबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्यांच्या खिशातल्या डबीची कळ बंद केली, आणि अगदी हळू म्हणाल्या, "पितांबर."

भाऊंनी घाईघाईने कळ चालू केली. "काय म्हनली?"

"काई नाई. म्हशीले हाक मारली."

न वटलेल्या चेकला साक्षीला कुणी बोलवत नाही. बोलवलंच कधी, तर मीही हेच सांगेन, म्हशीलाच हाक मारली.