वरच्या खिडकीतून बाग

वय विचारलं की एडना प्रॉसर म्हणायची, "तुझ्यापेक्षा जास्त, बस!" पण आज, आता लोकांना बघायला खुल्या झालेल्या हॅझलकोट हवेलीच्या मोठ्या जिन्यापाशी आल्यावर ती ब्याऐंशी वर्षं दोन्ही गुडघ्यांत उतरली.

"मॅडम, मागे लिफ्ट आहे," जिन्याशी उभे असलेले स्वयंसेवक पेनफोल्ड अदबीनं म्हणाले.

"कुठं जाते ती?"

"नोकरांच्या जुन्या खोल्यांत. पुढच्या दालनांत लिफ्ट बसवू देत नाहीत."

"मग काय चाटायचीय? तिकडून कोळशाचं अंगण दिसतं. मला बाग बघायचीय."

"आई, आत्ताच तर तासभर फिरलो बागेत!" तिची मुलगी मॉरीन वैतागली. "चल, चहा घेऊ, केक खाऊ. हट्ट पुरे."

"तू खा केक. मी चढते."

ती बाग खालून बघून काय कळणार, डोंबल! ठेंगण्या कुंपणांची नक्षी मुळी वरच्या मजल्यावरच्या मालकांसाठी आखलेली. आणि एडनाच्या नवऱ्यानं, सिरिलनं, ती एकतीस वर्षं कातरली. पण माळ्यानं फक्त मुदपाकखान्यापर्यंत यायचं, तेही बूट काढून. तळ्याकडची ओळ त्यानंच नव्यानं लावली होती. ती सरळ आली की नाही, या शंकेनं त्याला जन्मभर कुरतडलं. एडना तिथं भांडी घासायला होती. "वरच्या मोलकरणींना विचार ना गं," तो म्हणायचा. त्या मोलकरणींचा तोरा असा, की एडनाची हिंमतच झाली नाही. घरी येऊन ठोकून द्यायची, "सरळ आहे म्हणाल्या." मरताना इस्पितळातही त्यानं तेच विचारलं, तिनं तेच सांगितलं. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

चौतीस पायऱ्या. बाराव्या पायरीवर गुडघा कचकन वाजला. पेनफोल्ड खुर्ची घेऊन धावले.

"बसले तर उठणार नाही मी. बाजूला व्हा!"

मॉरीननं कपाळाला हात लावला आणि मागून आईची कंबर धरली.

वर पोचल्यावर एडना थेट मधल्या खिडकीशी गेली. खाली अख्खी नक्षी पसरली होती. चौकोन, गोल, वेलबुट्ट्या, सगळं काटेकोर. तिनं तळ्याकडची ओळ शोधली. ती चांगली हातभर वाकडी होती.

"ती ओळ ना?" पेनफोल्ड कौतुकानं म्हणाले. "सगळे विचारतात. लावली तेव्हापासून तशीच आहे."

एडनाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"काय झालं आई? कसली ओळ?"

"तुझ्या बापाची. वाकडी आहे गं. खोटं बोलले मी त्याच्याशी, तो जाईपर्यंत." तिनं बाहीनं डोळे पुसले. "आणि ऐक, आज उठून त्यानं विचारलं ना, तर परत खोटंच सांगीन."