कांद्याच्या टोपलीतली अमरिलिस

मी अमरिलिस बोलतेय. नाव ऐकून लांब मानेची, लाल फुलांची कुणी नाजूक बाई डोळ्यांसमोर आणू नका. ती फुलं वर्षातून फार तर दोन आठवडे. बाकी वर्षभर मी नुसता कंद. गोल, जाडजूड, अंगावर तपकिरी पापुद्रे, कंबर शोधूनही सापडायची नाही. थोडक्यात, मी कांद्यासारखी दिसते. ह्याचं मला इतके दिवस हसूच यायचं.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी विषारी आहे. हात लावा, मांडीवर घ्या, काही होत नाही. पण पोटात गेले तर उलट्या, चक्कर, पोटात पीळ. धडधाकट माणूस निभावून नेतो. आजारातून उठलेल्याचा भरवसा नाही.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ह्या घरात मला त्रिवेणीनं आणलं, दोन वर्षांपूर्वी, नर्सरीच्या मेळ्यातून. विकणारा म्हणाला, "हॉलंड का माल है, मॅडम." मी वाढले बंगळूरजवळच्या एका शेडमध्ये. पण दुसरा कुणी आपलं माहेर मोठं करून सांगत असेल तर बाईनं मध्ये बोलू नये. मी गप्प बसले.

त्रिवेणी चव्वेचाळीस वर्षांची. दिलसुखनगरला कोचिंग सेंटरमध्ये केमिस्ट्री शिकवते, आणि घरी येऊन माझ्याशी बोलते. घरात तिचा नवरा प्रशांत, जो दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मीटिंगा करतो, आणि सासरे केशवराव. केशवराव एकोणऐंशींचे. मूळ भालकीकडचं शेतकरी घर, पण सगळी नोकरी हैदराबादेत झाली.

हिवाळ्यात फुलायचं तर आम्हाला आधी उपाशी ठेवावं लागतं. पाणी तोडायचं, पानं वाळू द्यायची, आणि दहा आठवडे कोरड्या, हवेशीर अंधारात टाकायचं. पहिल्या वर्षी त्रिवेणीनं मला कपाटात ठेवलं, तेव्हा प्रशांतनं थट्टा करून करून तिला नको नको केलं. "फुलझाडाला कुणी कोंडून ठेवतं का? सासुरवास आहे का तिला?" जानेवारीत मी चार लाल फुलं दाखवली तेव्हा त्याचं तोंड बंद झालं. पण त्रिवेणीनं ठरवलं, पुढच्या वेळी कुणाला सांगायचंच नाही.

आणि यंदा तिला झकास जागा सापडली. ह्या घरात आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाचा कांदा-लसूण बंद. केशवरावांचा नेम तो. ओट्याखालची कांद्याची टोपली चार महिने रिकामी, अंधारी, हवेशीर. श्रावण संपला तसं तिनं मला तेलुगू पेपरात गुंडाळलं, टोपलीत निजवलं आणि म्हणाली, "कार्तिकी झाली की उठवते हं." मीही निवांत झोपले. कांद्याच्या टोपलीत कांद्यासारखी दिसणारी मी, ह्यातला धोका ना तिच्या लक्षात आला ना माझ्या.

मधल्या काळात केशवरावांचं पोटाचं ऑपरेशन झालं. दहा किलो उतरले. पेज, ताक, मऊ भात. टोपलीत पडल्या पडल्या मला त्यांचा आवाज बारीक होत गेलेला ऐकू यायचा. कार्तिकीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं थोडं चवीचं खायला हरकत नाही. म्हाताऱ्यानं एकच गोष्ट मागितली. "द्वादशीला दोन भजी. कांद्याची. दोनच."

द्वादशीला दुपारी त्रिवेणी क्लासला होती. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "अहो, अंबरपेठेच्या बाजारातून कांदे आणून ठेवा. मी पाचला येते, मग भजी करू." प्रशांत "हौ हौ" म्हणाला आणि मीटिंगमध्ये शिरला. चार वाजता बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याला कांदे आठवले.

टोपली ओढली गेली. पेपर उलगडला. उजेड.

"बाबा! एक आहे की! चांगला पाव किलोचा असेल."

हॉलमधून आवाज आला, "चार महिन्यांत सडला नाही होय रे?"

"तुमच्या सुनेनं पेपरात जपून ठेवलाय. परेशान होऊ नका, एवढ्यात भजी हाणू आपण. ती येऊन बघेल तर थक्क होईल."

थक्क तर ती होणारच होती.

त्यानं माझे पापुद्रे काढले. मला ओरडायचं होतं. दोन वर्षं त्रिवेणीच्या गप्पा ऐकून मला वाटायचं, मी तिच्या घरातलीच एक. आणि आता ह्याच घराला मी बाधणार, आणि तोंड उघडायची सोय नाही. सुरी माझ्या शेंड्यावर टेकली. शेंडा उडाला. मग एक चकती. मग दुसरी. मग तिसरी.

"बघा बाबा, डोळ्यांतून टिपूससुद्धा नाही. हात बसला की असं असतं."

अरे बाळा, हात नव्हे रे! कांदा असता तर रडला असतास!

चकत्या बेसनात पडल्या. तेल तापलं. पहिला घाणा तेलात पडला आणि खमंग वास सुटला, पण तो बेसनाचा, ओव्याचा. प्रशांतनं एक भजं फुंकून तोंडात टाकलं. "जरा कडवट लागतंय. ओवा जास्त झाला." दोन भजी बशीत घालून त्यानं बाबांपुढे ठेवली आणि माझा उरलेला भाग कापायला परत आला. आता त्यानं मला उलटं केलं. माझा सगळा जीव बुडाशी असतो. मुळं तिथून, पानं तिथून. ते बूड गेलं की मी गेले.

पण खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या बुडाचं काही नव्हतं. माझं सगळं लक्ष हॉलमधल्या त्या बशीकडे होतं.

"प्रशांत, वास येईना."

"नाक म्हातारं झालं बाबा तुमचं. गरम आहे तोवर खा."

"चार महिने मी ह्या वासासाठी थांबलोय. मला येणार नाही होय?"

काठीचा आवाज स्वयंपाकघरात आला. केशवरावांच्या हातात मोडलेलं भजं. त्यातली माझी चकती त्यांनी नाकाशी धरली. मग ओठांजवळ नेली. भूक केवढी होती त्यांच्या डोळ्यांत! मी म्हटलं, संपलं.

त्यांनी चकती ताटलीत ठेवली. "आमच्या शेतात कांदा व्हायचा. हा कांदा नव्हे. त्रिवेणीला फोन लाव."

"कांद्याची चौकशी करायला तिला क्लासमधून उठवू?"

"लाव म्हणलं ना!"

त्यानं फोन स्पीकरवर टाकला. "अगं, टोपलीत पेपरात गुंडाळलेला कांदा आहे ना, तो—"

पलीकडून असा आवाज आला, जो मी तिचा कधी ऐकला नव्हता. "बाबांनी खाल्लं? आधी तेवढं सांगा. बाबांनी खाल्लं का?"

"नाही, पण—"

"सुरी खाली ठेवा. ती माझी अमरिलिस आहे. तुम्ही खाल्लंत?"

"एकच. चवीपुरतं."

अर्ध्या तासात प्रशांत बाथरूममध्ये होता आणि त्रिवेणी रिक्षानं घरी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याला तीन तास झोपवून ठेवलं. परत आल्यावर तिनं हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर म्हणाले, तुमचं निभावलं. वडिलांच्या त्या नाजूक पोटात गेलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो.

प्रशांत म्हणाला, "ही बया आधी फेक."

"तिनं काय केलं?" केशवराव म्हणाले. "ती निजली होती. तू कापलंस. लाव गं त्रिवेणी तिला."

त्रिवेणीनं माझ्या कापलेल्या अंगावर हळद चेपली आणि मला कुंडीत बसवलं. "मीच ठेवलं तुला तिथं," एवढंच म्हणाली.

आता डिसेंबर आहे. मी खिडकीत आहे. माझी पानं आली आहेत, पण टोकं सरळ रेषेत कापलेली, शाळेतल्या मुलीचे केस घरीच कापावेत तशी. कुंडीवर ठळक चिठ्ठी चिकटवली आहे: "खायचं नाही." अक्षर प्रशांतचं.

रोज सकाळी केशवराव येऊन कुंडी थोडी फिरवतात, म्हणजे मी एकीकडे झुकू नये. "कळी दिसते का गं?" ते विचारतात. त्रिवेणी म्हणते, "येईल बाबा."

येणार नाही. माझी कळी दुसऱ्या चकतीबरोबर गेली, हे मला ठाऊक आहे आणि मला वाटतं त्रिवेणीलाही. नवी कळी धरायची तर वर्षभर ऊन खावं लागेल, पोट भरावं लागेल, पुन्हा उपाशी निजावं लागेल. मी ते सगळं करीन.

फक्त केशवराव, तेवढं थांबा. ह्या नव्हे, त्याच्या पुढच्या जानेवारीपर्यंत. पेज प्या, ताक प्या, सुनेचं ऐका. मी लवकर येऊ शकत नाही. तुम्ही मात्र लवकर जाऊ नका.