न फाडलेली पावती

चौतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. या गावात स्टिअरिंग धरणारा दर तिसरा माणूस माझी बोलणी खाऊन गेलाय, आणि त्यातल्या निम्म्यांना अजून धड रिव्हर्स येत नाही, त्याला मी काय करणार. पण एक गोष्ट मी सगळ्यांच्या डोक्यात बसवली. रस्त्यावर पाटी असेल तर ती मानायची. कुणी लावली, कशाला लावली, हे विचारायचं नाही. पाटीशी हुज्जत घालणाऱ्याला मी गाडीतून उतरवायचो आणि घरी चालत जायला सांगायचो.

त्यामुळे हॉस्पिटलमागच्या गल्लीतली पाटी खोटी निघाली, हे ऐकल्यावर गावातल्या निम्म्या लोकांनी माझ्यावर हसायला हरकत नव्हती.

बातमी लेकीने आणली. कुणी एक निवृत्त शिक्षक तीन वर्षं पालिकेशी भांडला आणि त्याने निकाल मिळवला. 'वाहन दोन तासांहून अधिक वेळ उभे करू नये' या हुकमावर कधी कुणाची सहीच झाली नव्हती. खांब पुरला, पाटी रंगवली, दंड सुरू केला, आणि मूळ कागद कुणाच्या तरी कपाटात पडून राहिला. आता ज्यांनी ज्यांनी दंड भरला त्यांनी अर्ज करावा, पैसे परत मिळतील.

"बाबा, आपल्या अकरा पावत्या आहेत," लेक म्हणाली. "मी सगळ्या जपून ठेवल्यात. एकही सोडायची नाही."

"जाऊ दे ना आता."

"का म्हणून जाऊ दे?"

तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात पोरगी ऑफिसला जायची, यायची, जेवायची, भांडी घासायची, पण तिच्या आवाजात जीव असा नव्हता. आज होता. कुणाला तरी जाब विचारायला मिळणार होता तिला. मी कुठल्या तोंडाने नको म्हणणार होतो?

नको म्हणायचं कारण होतं, आणि ते तिला कधीच कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

हिला त्या हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा त्या गल्लीत पालिकेचा एक वॉर्डन फिरायचा. आम्ही वॉर्डातली माणसं त्याला खडूवाला म्हणायचो. गाडी लागली की तो टायरवर आणि खाली रस्त्यावर खडूने एक रेघ मारायचा, वहीत नंबर आणि वेळ लिहायचा आणि पुढे जायचा. दोन तासांनी परत. रेघेला रेघ जुळली की पावती फाडलीच. बोलायचं काम नाही. मग दर दोन तासांनी प्रत्येक खाटेजवळचा एकेक माणूस उठायचा, जिना उतरायचा आणि गाडी दुसरीकडे लावून यायचा. सलाइन बदलण्याच्या वेळा चुकायच्या, पण ही वेळ कुणी चुकवायचं नाही.

मी चुकवायचो. हिच्याजवळ बसलं की घड्याळाकडे लक्षच जायचं नाही. पहिल्या दीड महिन्यात अकरा पावत्या. आणि माझी गाडी कुठली, तर टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असलेली. वायपरखाली पावती फडफडतेय आणि जुने विद्यार्थी फोटो काढतायत, ही माझी अब्रू. हिला मात्र फार गंमत वाटायची. "मास्तर पुन्हा नापास," म्हणायची, आणि हसताना खोकला यायचा.

शेवटी लेकीने कारभार हातात घेतला. ऑफिसातून ती दर दोन तासांनी मला फोन करायची. "बाबा, गाडी." दोनच शब्द. मी उठायचो. त्यानंतर एकही पावती फाटली नाही.

एकोणीस तारखेलाही तिने तीन वाजता फोन केला. ही डोळे मिटून पडली होती. श्वास बारीक झाला होता, पण तो तर आठवडाभर तसाच होता. मी वाकून म्हणालो, "गाडी हलवून आलोच." हिने डोळे उघडले, माझं बोट जरासं धरलं आणि सोडलं. मी गेलो. जवळपास कुठे जागा मिळेना, दोन गल्ल्या पलीकडे मिळाली. वीस मिनिटं गेली. वर आलो तर खाटेभोवती पडदा ओढलेला.

पावणेचारला लेक धावत आली तेव्हा मी आत बसलो होतो आणि हिचा हात माझ्या हातात होता. तिने विचारलं, "तुम्ही होतात ना जवळ?" मी हो म्हणालो. "माझा फोन आला तेव्हा?" मी म्हणालो, "हात सोडवेना. उठलोच नाही." ते वाक्य तोंडातून कसं गेलं ते माझं मलाच कळलं नाही. पण पोरीने ते घट्ट धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं, बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझं ऐकलं नाही, आणि ते फार बरं झालं. मी शेजारी बसून मान हलवायचो. दुसरं काय करणार? खरं सांगितलं असतं तर तिला एकच गोष्ट ऐकू आली असती, की तिच्या फोनमुळे आई एकटी गेली.

अर्ज भरायला आठ दिवस लागले. प्रत्येक पावतीसाठी वेगळा फॉर्म, गाडी तिथे का उभी केली याचं कारण, त्याचा पुरावा. लेकीने हॉस्पिटलमधून भेटीच्या नोंदी काढून आणल्या. रोज संध्याकाळी ती टेबलावर कागद पसरून बसायची आणि मला सह्या करायला लावायची. 'कारण' या रकान्यात तिने अकरा वेळा स्वच्छ अक्षरात लिहिलं: पत्नी आजारी. मी अकरा सह्या केल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि ती चक्क गुणगुणत होती.

पालिकेतल्या खिडकीवर बसलेला कारकून माझाच विद्यार्थी निघाला. तीनदा नापास झालेला, चौथ्यांदा कसाबसा पास केलेला. मला बघून तो उठूनच उभा राहिला.

"मास्तर, तुम्ही रांगेत? आत या, बसा. ताई, तुम्हीपण."

त्याने पावत्या तपासल्या, फॉर्म तपासले आणि अकराच्या अकरा कागदांवर धडाधड शिक्के मारले. पंधरा दिवसांत पैसे खात्यात, म्हणाला. लेकीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. झालं, सुटलो, असं मला वाटलं. मी खुर्ची मागे सरकवली.

"थांबा मास्तर. एखादी पावती घरी राहिली असेल तर तिचेही मिळतील तुम्हाला. खडूवाल्याच्या सगळ्या वह्या आता कॉम्प्युटरवर चढवल्यात. नंबर टाकून बघतो."

"काही राहिलेलं नाही," मी म्हणालो.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"अरे, नको म्हटलं ना."

"बघू दे ना त्यांना, बाबा," लेक म्हणाली. "एवढं मनापासून करतायत."

चार वेळा परीक्षा देऊन जो कधी आरशात बघायला शिकला नाही, तो आता पडद्यावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता. "इथपर्यंत पावत्या. त्यानंतर सगळीकडे वेळेत हलवली, वेळेत हलवली. शेवटची नोंद एकोणीस तारखेची. एक वाजून पाच, खूण केली. तीन वाजून दहा, गाडी जागेवर नाही. पावती नाही." तो माझ्याकडे बघून हसला. "वा मास्तर. शेवटच्या दिवशीसुद्धा वेळेत."

लेक पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "परत वाचा."

त्याने परत वाचलं.

"तीन वाजता मी फोन केला होता," ती म्हणाली.

"तू नसता केलास तरी मी गेलोच असतो," मी म्हणालो. "पाटी मी वाचली होती, गाडी माझी होती. तुझा काय संबंध त्यात?"

"तुम्ही परत आलात तेव्हा?"

एकदा खोटं बोललो होतो ते न ठरवता. आता ठरवून बोलायला गेलो तर जीभ उचलेना.

"आई एकटी होती?"

"हो," मी म्हणालो.

तिने टेबलावरचे शिक्के मारलेले कागद आपल्याकडे ओढले. आठ संध्याकाळी खपून भरलेले ते फॉर्म. एकेक करून तिने ते एकावर एक रचले आणि कारकुनापुढे सरकवले.

"हे रद्द करा."

"काय झालं, ताई?"

"आम्हाला नकोत पैसे. अर्ज मागे घ्यायचाय."

"शिक्का बसला, आता मागे नाही घेता येत. आणि घ्यायचा कशाला? सगळं तुमच्या बाजूने आहे." तो बिचारा समजूत घालायला लागला. "पाटीच खोटी होती. मास्तर उगाच खालीवर करत राहिले. गाडी तिथे दिवसभर उभी ठेवली असती तरी कुणाला काही करता आलं नसतं."

"मग मी फोन कशाला केला?" लेक म्हणाली.

तिने ते मला नाही, त्याला विचारलं. त्याला काहीच कळलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि मी खाली बघितलं.