डावा कान

आईची दाढ इतकी किडली होती की काढण्यावाचून इलाज नव्हता. पण जिभेच्या कर्करोगासाठी दिलेल्या किरणांनी जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या विरळ झाल्या होत्या. अशा हाडातली जखम भरेलच असं नाही; कधी कधी हाडच मरत जातं. म्हणून आधी काही आठवडे दाबाखाली प्राणवायू घ्यायचा, मग दाढ काढायची. "हमखास उपयोग होतो असं पुरावे सांगत नाहीत," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "पण तुमचं हाड बघता घेतलेला बरा."

अडलं ते कानावर. आई प्राणवायूच्या पारदर्शक नळकांड्यात आडवी व्हायची आणि दाब वाढू लागला की तिचा डावा कान ठणकायचा. एरवी माणूस थुंकी गिळतो आणि कान मोकळा होतो. आईची थुंकीच किरणांनी आटलेली. पाण्याचे घोट झाले, नाक दाबून फुंकून झालं. दोनदा तिला तसंच बाहेर काढावं लागलं. आजही जमलं नाही तर कानाच्या पडद्याला भोक पाडायचं ठरलं होतं, म्हणजे दाढ काढणं आणखी लांबणार.

"जांभई आली तरी काम होईल," यंत्रावरच्या ताई माइकमध्ये म्हणाल्या.

"मागून येते का जांभई?" आतून आईचा आवाज आला. "त्यात जबडा उघडतोय दोन बोटं."

मी नळकांड्याला नाक लावून खोट्या जांभया दिल्या. आई नुसती हसली.

मग मला सुचलं. "बाबा, तिला टाकीच्या बॉलकॉकची गोष्ट सांगा."

"आत्ता?"

"आत्ताच!"

बाबांना फार आग्रह लागत नाही. "तर आधीचा बॉलकॉक होता पितळेचा. प्लंबर म्हणाला, प्लॅस्टिकचा घ्या. मी म्हटलं, का?"

आमच्याकडे या गोष्टीवर चिवट पाहुणेसुद्धा उठतात. बाबा वॉशरच्या मापापर्यंत पोचले आणि ताईंनीच तोंडावर हात धरला. त्यांचं बघून मला आली, यावेळी खरी. आणि आत आईचे डोळे मिटले, नाकपुड्या फुगल्या, हनुवटी जेवढी जाईल तेवढी खाली गेली.

"सुटला! कट्कन सुटला."

ताईंनी दाब पुन्हा हळूहळू वाढवायला घेतला. बाबांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे मी कंटाळा आणतो?"

"लग्नापासून," आई म्हणाली. "पण आता थांबू नका हो, दाब अजून वाढायचाय. प्लंबर काय म्हणाला मग?"

बाबांनी स्टूल माइकजवळ ओढलं.