अपिसाईचा बिनआवाजाचा लॅपटॉप

बेटावरच्या लेवुका गावातल्या मासळी-कारखान्यातून अपिसाई निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या हाती थोडे पैसे आले आणि भरपूर मोकळा वेळ आला. त्याची बायको केलेरा म्हणायची, यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची.

बेचाळीस वर्षं तो चर्चच्या गायनमेळ्यात खर्जात गात होता. मेळ्यातली निम्मी माणसं पोटासाठी राजधानीत, सुव्याला राहायची. वार्षिक स्पर्धेच्या आठवडाभर आधी बोटीतून उतरायची आणि मग आपापला सूर शोधत बसायची. अपिसाईच्या डोक्यात आलं, चारही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून त्यांना फोनवर पाठवले, तर ती तिथे बसल्या बसल्या शिकतील. ब्रिस्बेनच्या लेकीनं एक चांगला मायक्रोफोन पाठवून दिला. आता तो जोडायला लॅपटॉप हवा होता.

तो सुव्याला निघाला तेव्हा इसिकेलीही बरोबर निघाला. इसिकेली त्याचा आतेभाऊ, आणि बेटावर आते-मामेभावांनी एकमेकांना सुखानं जगू द्यायचं नाही, असा रिवाजच आहे.

"तू एकटा गेलास तर इस्त्री घेऊन परत येशील," तो बोटीत चढता चढता म्हणाला.

"आणि तू बरोबर असलास की?"

"तर निदान चांगली इस्त्री आणशील."

मोठ्या दुकानांमधल्या किमती बघून दोघं अर्ध्या तासात बाहेर आले. दोघं रोटीचं पार्सल खात असताना पार्सलवाल्यानंच सांगितलं, बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या वरच्या मजल्यावर सुभद्रा पिल्ले जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकते, तिच्याकडे जा.

सुभद्रा पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेली. टेबलावर स्क्रूच्या वाट्या. इसिकेलीनं आल्या आल्या एका लॅपटॉपवर बोट ठेवलं. त्याच्या बटणांखालून लाल दिवे पेटत होते.

"हा! हा चर्चमध्ये नेलास तर पाद्रीबाबासुद्धा प्रवचन थांबवतील."

"तो मुलांच्या खेळांसाठी आहे," सुभद्रा म्हणाली. "तुम्हाला कशाला हवाय?"

अपिसाईनं सांगितलं. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "एकावर एक किती आवाज चढवणार? चार? घराचं छप्पर पत्र्याचं का? मग उकडत असेल. ठीक आहे. गा."

"इथे?"

"मग काय, लग्नात? तुमचा मायक्रोफोन काढा आणि गा."

अपिसाई लाजला. चारशे माणसांसमोर उभं राहायची त्याला सवय होती, पण तिथे आजूबाजूला तीस जण असायचे. त्यानं घसा खाकरला आणि एका जुन्या स्तोत्राची खर्जाची ओळ म्हटली. सुभद्रानं ती लाल दिव्यांच्या लॅपटॉपवर घेतली, हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला आणि ऐकवली. त्याच्या आवाजामागे कोणी तरी होडीचं इंजिन चालू ठेवल्यासारखी घरघर होती.

"हा त्याच्या पोटातला पंखा," ती म्हणाली. "गरम झाला की असा ओरडतो. मायक्रोफोनला देव आणि पंखा यांच्यातलं काही कळत नाही, दोघांचंही तितक्याच भक्तीनं ऐकतो."

दुसरा लॅपटॉप नवा आणि स्वस्त होता. त्यात हेडफोन लावून गाताना अपिसाईला स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा ऐकू येत होता. समोरच्या डोंगरावरून कोणी तरी वेडावून दाखवतंय तसा. दोन ओळींत त्याचा ताल सुटला.

"हा बिचारा दमतो," सुभद्रा म्हणाली. "एका आवाजातच धाप लागली, चार आवाजांत बसेलच खाली."

मग तिनं कपाटातून एक काळा, जाडसर लॅपटॉप काढला. कोणत्या तरी कचेरीतून आलेला. कोपरे घासलेले, अर्ध्या बटणांवरची अक्षरं गेलेली. "दिसायला म्हातारा आहे, पण आतली फिरणारी तबकडी काढून मी नवी साठवण घातलीय, मेमरी दुप्पट केलीय आणि पंखा बदललाय. कान लावा."

अपिसाईनं कान लावला. "चालू आहे?"

"मघापासून."

सहाशे ऐंशी डॉलर. जिना उतरल्यावर इसिकेली म्हणाला, "पैसे देऊन अक्षरं नसलेली वस्तू घेणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला."

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांनी अपिसाईच्या घरातल्या मधल्या खोलीत चटया टांगल्या, गाद्या उभ्या केल्या, कोंबड्यांना हाकललं. खोली एवढी गच्च झाली की एका वेळी एकच माणूस मावत होता. आधी बुबू सेरेइमा गायली. ती ऐंशी पार केलेली, सगळ्यांचीच बुबू, म्हणजे आजी, आणि मेळ्यातली सगळ्यात जुनी. सुरुवात नेहमी तीच करायची. तिचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत मग केलेरा वरच्या सुरात गायली, त्यावर इसिकेली मधल्या सुरात आणि सगळ्यात शेवटी अपिसाई खाली. प्रत्येक जण घामानं निथळत बाहेर यायचा. काळा लॅपटॉप मात्र गुमान सगळं घेत राहिला.

रविवारी चर्चनंतर, डालोचे उकडलेले कंद आणि मासे जेवून झाल्यावर, अपिसाई हेडफोन लावून एकटा बसला आणि त्यानं चारही आवाज पहिल्यांदाच एकत्र चालवले.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, सगळे एका लांब सुरावर थांबले असताना, कोणी तरी पाचवं गाऊ लागलं.

बाईचा आवाज होता. केलेराच्याही वर, बारीक, अगदी स्वच्छ. शब्द नव्हते. सूर संपला तसा तोही विरला. अपिसाईनं हेडफोन काढून खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात फक्त केलेरा भांडी घासत होती.

"तू आत्ता गात होतीस?"

"या भांड्यांसमोर? मला वेड लागलंय का?"

त्यानं पुन्हा लावलं. तीच जागा, तोच आवाज. इसिकेलीला हाक मारली. त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ शाबूत होती. "सांगितलं होतं ना! कचेरीतला लॅपटॉप. कोणी तरी टायपिस्टबाई आतच राहिलीय."

"गप्प बस. यंत्रात दोष असेल."

त्यानं सुभद्राला फोन लावला आणि रविवारी त्रास देतोय म्हणून आधी माफी मागितली. तिनं गाणं पाठवायला सांगितलं, आणि म्हणाली, "तोवर एक करा. एकेक आवाज बंद करून बघा. दोष असेल, तर तो कुठल्या तरी एकात सापडेल."

दोघांनी एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावली. बुबू एकटी: काही नाही. केलेरा एकटी: काही नाही. इसिकेली: काही नाही. अपिसाई: नुसता खर्ज. तिघांना एकत्र लावलं, तरी नाही. चौघं एकत्र झाले, सूर थांबला, आणि ती आली. अपिसाईच्या दंडावर काटा उभा राहिला. इसिकेलीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुभद्राचा फोन बऱ्याच वेळानं आला.

"दोष नाही हो," ती म्हणाली. "सूर केसाइतकेही इकडे-तिकडे न होता जुळले की वरचे नाद एकमेकांत मिसळतात आणि कानाला आणखी एक आवाज उभा राहतो. मी वाचलं होतं. माझ्या दुकानासमोर चर्च आहे, जन्मभर तुमची स्तोत्रं ऐकत आलेय, पण हे कधी ऐकलं नव्हतं. मी बाराव्यांदा लावलंय." मग "पुन्हा लावते," म्हणाली आणि फोन ठेवला.

चार वाजता बुबू सेरेइमा काठी टेकत आली. अपिसाईनं तिच्या पांढऱ्या केसांवर हेडफोन चढवला. बुबू डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या ओळीला तिनं मान किंचित हलवली, ओळखीचं कोणी दारात आल्यासारखी.

"हं. आली."

"बुबू, तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या आईनं सांगितलं होतं. ती आली की इकडे-तिकडे बघायचं नाही, गात राहायचं. वर्षातून दोनदा येते, तीनदा येते. एखाद्या वर्षी येतच नाही."

"बेचाळीस वर्षं मी तिथे उभा आहे. मला कोणी सांगितलं नाही!"

"तुम्हा खर्जवाल्यांना काय सांगायचं? बैल गाडी ओढतो. गाडीत कोण बसलंय ते त्याला कधी दिसलंय?"

इसिकेली इतका हसला की केलेराला त्याची पाठ थोपटावी लागली. अपिसाई हसला नाही. तो लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चार रंगीत पट्ट्या बघत होता. पाचवी पट्टी कुठेच नव्हती.

आठवडाभर त्यानं चारही आवाज सुव्याला पाठवायचं काम केलं. पुढच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत उभा राहिला, पांढरा शर्ट, कमरेला गुंडाळलेला सुलू, हातात स्तोत्रांचं पुस्तक. तेच स्तोत्र आलं. तिसरी ओळ आली. सगळे लांब सुरावर पोहोचले, आणि अपिसाईला वाटलं, आज कानांनी ऐकायचंच, हेडफोनशिवाय. त्यानं तोंड मिटलं.

कुठे तरी वर, लाकडी छताखाली, काही तरी उमलता उमलता थांबलं. समोरच्या रांगेत बुबू सेरेइमाची मान चटकन वळली आणि तिची नजर थेट त्याच्यावर येऊन थांबली. इसिकेलीनं बरगडीत कोपर मारलं. "अरे, गा की!"

अपिसाईनं श्वास घेतला आणि पुन्हा खाली उतरला, जितकं खोल जाता येईल तितकं. स्वतःच्या छातीतल्या घुमण्यापलीकडे त्याला काही ऐकू आलं नाही. पण बुबूनं मान पुढे फिरवली. बायकांच्या रांगेत उभ्या केलेराचे डोळे हळूच छताकडे गेले आणि तिथेच राहिले. त्या चेहऱ्यावरून नजर न हलवता अपिसाई सूर धरून राहिला, श्वास संपेपर्यंत.